सुट्टीनंतर टाकीच्या प्रिंटरची काळी शाई तुटक येते आणि हेड क्लीनिंगने फरक पडत नाही

वऱ्हाडकर :

नमस्कार. आमच्या घरी शाईच्या टाकीचा इंकजेट प्रिंटर आहे. छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स ही तिन्ही कामे त्यावरच होतात. काळी शाई पिगमेंट प्रकारची आणि निळी, गुलाबी व पिवळी या डाय प्रकारच्या आहेत, असे बाटल्यांवर छापलेले आहे. वॉरंटी केव्हाच संपली आहे. एप्रिलच्या अखेरीस आम्ही गावी गेलो आणि जूनच्या मध्यापर्यंत प्रिंटर बंद खोलीत पडून होता. अकोल्याचा मे महिना कसा असतो, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेल.

आता शाळा उघडण्याच्या तोंडावर मुलीच्या प्रवेशाची कागदपत्रे छापायला घेतली, तेव्हा काळ्या अक्षरांतून आडव्या पांढऱ्या रेघा जाऊ लागल्या. इंग्रजी मजकूर कसाबसा वाचता येतो, पण मराठीत मोठीच पंचाईत होते. कारण पांढरी रेघ नेमकी शिरोरेषेवर आली की 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतला फरकच उरत नाही. संगणक न जोडता, प्रिंटरच्याच बटणावरून झेरॉक्स काढली तरी तोच प्रकार होतो, त्यामुळे दोष ड्रायव्हरचा नसावा असे मला वाटते.

मी हेड क्लीनिंग, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग साफ करण्याची प्रिंटरमधलीच क्रिया, अनेकदा केली. नोझल चेकच्या, म्हणजे हेडची शाईची छिद्रे तपासण्यासाठी छापायच्या, पानावर तीन रंगांच्या जाळ्या जवळपास पूर्ण येतात, काळ्याची मात्र निम्मीच येते. चमत्कारिक गोष्ट अशी की, प्रत्येक वेळी तुटलेल्या रेघा निराळ्या असतात. आधीच्या पानावर जिथे रेघ नव्हती तिथे पुढच्या पानावर ती येते आणि दुसरीकडची जाते. दरम्यान काळ्या टाकीतली पातळी डोळ्यांना दिसेल इतकी खाली आली आहे. येथील एका दुकानदाराने यंत्र न उघडताच हेड गेले असल्याचे सांगितले आणि नवीन प्रिंटर घेण्याचा सल्ला दिला.

हेड खरोखर गेले आहे का, हे घरी ओळखता येते का? सॉफ्टवेअरमध्ये पॉवर क्लीनिंग असा आणखी एक पर्याय दिसतो, तो वापरावा का? आणि पाणी किंवा स्पिरिट लावून हेड साफ करण्याविषयी आपले मत काय आहे?


जुना_मेकॅनिक :

नमस्कार. सर्वप्रथम हेड क्लीनिंग थांबवा. क्लीनिंग म्हणजे हेड पुसणे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हेड एका रबरी टोपीवर जाऊन बसते, टोपीखालचा पंप नोझलमधून शाई ओढून घेतो आणि ती शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये सोडतो. तुमच्या टाकीतून कमी झालेली शाई तिथेच गेली आहे. पंप नीट ओढत नसेल, तर हा सगळा खटाटोप कितीही वेळा केला तरी हेडला त्याचा उपयोग होत नाही, उलट आत हवा शिरते.

तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोलाची माहिती म्हणजे तुटलेल्या रेघांची जागा बदलते ही. मध्ये क्लीनिंग न करता नोझल चेकची तीन पाने लागोपाठ काढा, त्यांवर क्रमांक घाला आणि ती उजेडात शेजारी शेजारी ठेवून पाहा. रेघ प्रत्येक पानावर नेमकी त्याच ठिकाणी तुटत असेल, तर त्या छिद्रात शाई वाळलेली आहे किंवा ते छिद्र विजेच्या दृष्टीने मेलेले आहे. जागा बदलत असेल, तर छिद्रे उघडी आहेत, त्यांना वीजही मिळते, पण त्यांच्यामागे शाईचा अखंड स्तंभ नाही. आणि पहिले पान बरे, दुसरे त्याहून फिके, तिसरे आणखी फिके असा क्रम दिसला, तर शाई टाकीपासून हेडपर्यंत पोहोचायला कमी पडते आहे, असे समजा. तसे असल्यास टाकीचे हवेचे छिद्र, नळी आणि हेडच्या डोक्यावरचा डॅम्पर नावाचा छोटा गाळणीचा डबा यांच्याकडे पाहावे लागते. मेलेले नोझल एका पानावर उमटून दुसऱ्या पानावर गायब होत नाही. तेव्हा तुम्ही लिहिले आहे ते बरोबर असेल, तर हेड गेले या निदानाशी मी सहमत नाही.

आता हवा का शिरते, ते पाहू. नोझलचे छिद्र सुमारे २० मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीहून पुष्कळ बारीक असते आणि त्यातून एका वेळी काही पिकोलिटर एवढाच थेंब बाहेर पडतो. टोपीची रबरी कड हेडच्या खालच्या पत्र्याला चोहोबाजूंनी घट्ट टेकली, तरच पंपाची ओढ छिद्रांपर्यंत पोहोचते. त्या कडेवर वाळलेल्या शाईची खपली बसली की फट राहते, पंप बाहेरची हवा ओढतो आणि छिद्रांतली शाई जागची हलत नाही. हीच फट असेल तर यंत्र बंद असतानाही हेड उघडे राहिल्यासारखेच असते आणि तुमच्याकडच्या उन्हाळ्यात ते वाळायला वेळ लागत नाही. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असतात, त्यामुळे तिची खपली डायपेक्षा, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईपेक्षा, चिवट होते. काळीच तुटते आणि रंग बरे आहेत, यामागे हे कारण असण्याची दाट शक्यता आहे.

टोपी तपासण्यासाठी हेड तिच्यावरून बाजूला करावे लागते. यंत्र बंद असताना हेड उजव्या टोकाला अडकवलेले असते, तिथून ते जोराने ओढू नये. झाकण उघडून एक पान छापायला द्या आणि हेड मध्यावर आले की भिंतीतला प्लग काढा. एरवी असे कधीही करू नये, पण येथे तोच सोपा उपाय आहे. प्लग काढल्यावर हेड हाताने अलगद डावीकडे सरकते. ते सरकवताना पाठीमागची केसासारख्या बारीक रेघांची पारदर्शक पट्टी आणि पांढरी चपटी केबल यांना बोट लावू नका. त्या पट्टीवर वंगणाचा किंवा शाईचा डाग पडला की हेडला आपण कुठे आहोत हे कळत नाही आणि ते बाजूच्या भिंतीवर आदळू लागते.

उजव्या कोपऱ्यात स्पंज असलेली चौकोनी टोपी दिसेल. टॉर्च लावून तिच्या कडा पाहा. नंतर ड्रॉपरने स्पंजावर कडेपर्यंत डिस्टिल्ड पाणी भरा, हेड जागेवर न्या, प्लग लावून क्लीनिंग एकदाच चालवा आणि पुन्हा तसेच हेड सरकवून पाहा. पाणी तसेच तुंबलेले असेल, तर टोपीखालची नळी किंवा पंप चोंदला आहे. पाणी गेले असेल आणि तरीही नोझल चेक सुधारला नसेल, तर दोष कडेच्या फटीत आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी चालेल. मात्र बाटलीवरचे लेबल नीट वाचा, कारण त्याच फळीवर बॅटरीचे आम्लही ठेवलेले असते. बोअरचे पाणी अजिबात वापरू नये, त्यातले क्षार छिद्रांतच बसतात.

पॉवर क्लीनिंग तूर्त नको. स्पिरिटविषयी म्हणाल, तर पिगमेंट शाईवर ते घातल्यास कण एकत्र येऊन गाठी होऊ शकतात, त्यामुळे पाणी पुरेसे आहे का हे आधी पाहावे.


कोकणवारा :

मी रत्नागिरीत असतो. आमच्याकडे शाई वाळण्याऐवजी कागद दमट होण्याचा त्रास अधिक होतो. जुलैमध्ये ट्रेमध्ये उघडा राहिलेला कागद कडेला कुरळा होतो आणि दोन-दोन पाने एकदम ओढली जातात. त्यामुळे मी कागदाचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतो आणि लागतील तेवढीच पाने ट्रेमध्ये घालतो.

तथापि माझ्या जुन्या यंत्राचे हेड एकदा असेच तुंबले होते, तेव्हा काच पुसायचा निळा द्रव सिरिंजमध्ये घेऊन हेडच्या वरच्या तोंडातून दाबला आणि ते पूर्ववत सुरू झाले. हा उपाय झटपट होतो. एवढ्या तपासण्या करत बसण्यापेक्षा तो करून पाहायला हरकत नसावी.


पंचगंगाकाठ :

कोल्हापुरात माझे प्रिंटर दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, त्यामुळे वरच्या सल्ल्याविषयी लिहिणे भाग आहे. सिरिंजने दाब देऊन हेड उघडल्याची उदाहरणे आहेत, हे मी नाकारत नाही. पण तशाच प्रयत्नानंतर माझ्याकडे येणारी यंत्रेही मी पाहतो. पिएझो हेड, म्हणजे विजेने वाकणाऱ्या स्फटिकाने शाई उडवणारे हेड, ही एकमेकांना चिकटवलेल्या अतिशय पातळ थरांची रचना असते. दाब जास्त झाला की दोन रंगांच्या कप्प्यांमधला जोड सुटतो आणि पिवळ्या टाकीच्या मार्गात काळी शाई शिरते. त्याला मग काहीही उपाय नाही. दुसरा धोका याहून मोठा आहे. वरून द्रव ओतताना एखादा थेंब हेडच्या कनेक्टरवर ओघळला आणि तो वाळण्याआधी यंत्र चालू केले, तर हेड शॉर्ट होते आणि जाताना मुख्य बोर्डालाही घेऊन जाते. ज्या हेडला केवळ स्वच्छ टोपीची गरज होती, त्याच्यासाठी पूर्ण यंत्र घालवणे योग्य नव्हे.

काच पुसायच्या द्रवाने टोपीच्या रबरावरची आणि वायपरवरची, म्हणजे हेड पुसणाऱ्या रबरी पात्यावरची, खपली मऊ होते, तेवढ्यापुरता तो मीही वापरतो आणि नंतर पाण्याने धुऊन काढतो. हेडच्या आत तो सोडत नाही, कारण त्यातला सुवासिक अंश आणि फेस आणणारे घटक शाईत मिसळल्यावर थेंबाचा आकार बिघडतो. सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांची नावेही काढू नयेत.

पॉवर क्लीनिंगविषयी थोडे सविस्तर लिहितो. नेहमीच्या क्लीनिंगमध्ये थोडीच शाई जाते, पॉवर क्लीनिंगमध्ये मात्र नळ्यांतली सगळी शाई ओढून नवी भरली जाते. त्यामुळे टाक्या निदान एक-तृतीयांश भरलेल्या असाव्यात, नाहीतर शाईऐवजी हवाच नळ्यांत भरते आणि पहिल्यापेक्षा अवस्था वाईट होते. हेडकडे जाणाऱ्या नळ्या झाकणाखाली दिसतात. त्यांत शाईचे तुकडे आणि मध्ये रिकाम्या जागा दिसत असतील, तरच हा उपाय योग्य आहे. यंत्र आडवे करून वाहून नेल्यावर असे हमखास होते. नळ्या सलग भरलेल्या असतील, तर पॉवर क्लीनिंग म्हणजे शाईची नासाडी. काळ्या टाकीची पातळी खालच्या खुणेच्या आसपास आली असेल, तर ती आताच भरून घ्या.

दुकानदाराने यंत्र न उघडता नवीन घ्यायला सांगितले, हे मला पटत नाही. मात्र त्यामागचे गणितही समजून घ्यायला हवे. घरगुती टाकीच्या प्रिंटरचे नवे हेड आणि ते बसवण्याची मजुरी मिळून नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळ जाते, आणि टोपी साफ करायला अर्धा दिवस घालवून गिऱ्हाईकाकडून हेडचे पैसे मागता येत नाहीत. म्हणूनच हे काम घरी करण्याजोगे आहे. त्यात लागते ती मुख्यतः सवड.

एक सवयीची गोष्टही विचारून ठेवतो. काम झाल्यावर आपण प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करता, की भिंतीवरच्या बोर्डाचे बटण दाबता? यंत्राच्या बटणाने बंद केल्यास हेड टोपीवर जाऊन बसते आणि मगच दिवा विझतो. बोर्डावरून बंद केल्यास ते ज्या क्षणी जिथे असेल तिथेच राहते.


निळीशाई :

वरील चर्चा हेड यंत्रातच कायम बसवलेल्या प्रिंटरविषयी आहे. ज्यांच्याकडे जुन्या धाटणीचा, कार्ट्रिज बदलायचा प्रिंटर असेल, त्यांनी हे सगळे जसेच्या तसे करू नये. त्यांचे काम पुष्कळ सोपे आहे. अशा बऱ्याच यंत्रांत हेड कार्ट्रिजच्याच तळाला असते आणि कार्ट्रिज बदलले की हेडही बदलते.

थेंब उडवण्याच्या रीतीही दोन आहेत. एप्सनच्या यंत्रांत पिएझो स्फटिक वीज मिळताच किंचित वाकतो आणि शाईला धक्का देतो. त्यात उष्णता लागत नाही. कॅनन आणि एचपी यांच्या घरगुती यंत्रांत बहुधा शाईमागचा सूक्ष्म हीटर क्षणार्धात तापतो, वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ मध्ये तापलेली सोल्डरिंग इस्त्री शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली, त्यावरून ही कल्पना सुचल्याचे सांगतात. एचपीनेही स्वतंत्रपणे याच तत्त्वावर काम केले आणि १९८४ मध्ये थिंकजेट हा प्रिंटर बाजारात आणला. दुरुस्तीच्या दृष्टीने यातला फरक असा की, थर्मल, म्हणजे हीटरवाल्या, हेडमध्ये शाई नसताना छपाई चालू ठेवली तर हीटर जळतो. म्हणून पान फिके येऊ लागल्यावर पानांमागून पाने काढून शाई येते का ते पाहणे, हा उद्योग थर्मल कार्ट्रिजच्या बाबतीत विशेष घातक आहे.

कार्ट्रिज काढून त्याचा तळ कोमट डिस्टिल्ड पाण्याने भिजवलेल्या, अनेक पदरी घडी घातलेल्या टिश्यू पेपरवर काही मिनिटे ठेवावा आणि नंतर कोरड्या टिश्यूवर शिक्का मारावा तसा हलकेच टेकवावा. रंगीत कार्ट्रिजचे तीन स्वच्छ पट्टे शेजारी शेजारी उमटले, तर छिद्रे मोकळी आहेत. एखादा पट्टा अर्धाच उमटला तर पुन्हा भिजत ठेवावे. तांब्याच्या रंगाच्या संपर्कबिंदूंना बोट लावू नये. लागले तर ते बिनधाग्याच्या, किंचित ओलसर कापडाने पुसून कोरडे करावे. पट्टे स्वच्छ उमटूनही यंत्रात रंग येत नसेल, तर बहुधा हीटर जळलेला आहे आणि मग नवे कार्ट्रिज घेण्यावाचून पर्याय नाही.


वऱ्हाडकर :

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे क्रमाने केले, त्याचा वृत्तान्त लिहितो.

मध्ये क्लीनिंग न करता नोझल चेकची तीन पाने काढली. काळ्याच्या तुटलेल्या रेघा तिन्ही पानांवर वेगवेगळ्या जागी होत्या. पाने उत्तरोत्तर फिकी होत नव्हती. नळ्या पाहिल्या, त्या सलग भरलेल्या आहेत. काळी टाकी खालच्या खुणेपेक्षा थोडी वर होती, ती भरून घेतली.

नंतर हेड सरकवून टोपी पाहिली. टॉर्चशिवाय ती स्वच्छच वाटली असती. तिरपा उजेड टाकल्यावर कळले की काळ्या शाईच्या बाजूची रबरी कड एका कोपऱ्यात जाड झाली आहे. टूथपिकला ओले कापड गुंडाळून तिथे फिरवले, तर डांबरासारखा चकचकीत, चिकट पापुद्रा सुटून आला. त्याच्या शेजारच्या वायपरच्या रबरी पात्यावर शाईचा करडा थर होता आणि त्यात एक केस अडकलेला होता. आमच्याकडे मांजर आहे, त्यामुळे त्या केसाच्या मालकीविषयी शंका नाही.

कड साफ करण्याआधी पाण्याची परीक्षा घेतली होती. पाणी गेले, पण पूर्ण नाही. स्पंजावर गढूळ थर उरला. कड साफ करून, टोपीत कोमट डिस्टिल्ड पाणी पुन्हा पुन्हा घालून ते कापडाने टिपून घेतले. ते निवळ दिसू लागल्यावर परत परीक्षा घेतली, तेव्हा टोपी जवळपास कोरडी झाली. त्यानंतरच्या नोझल चेकमध्ये काळी जाळी खूपच भरून आली आहे. आता केवळ दोन ठिकाणी लहान खंड दिसतात आणि ते मात्र प्रत्येक पानावर नेमके त्याच जागी आहेत.

आणखी क्लीनिंग करावे की थांबावे? आणि हो, प्रिंटर आम्ही बोर्डाच्या बटणानेच बंद करतो. बाहेर पडताना सगळी बटणे बंद करण्याची घरातली पद्धत आहे.


जुना_मेकॅनिक :

थांबावे. आता तुमच्यापुढचा दोष बदलला आहे. आधी ओढच नव्हती, ती आली. जागा न सोडणारे दोन खंड म्हणजे वाळलेल्या शाईचे दोन बूच आहेत आणि त्यांना भिजायला वेळ हवा, जोर नको. लागोपाठ क्लीनिंग केल्यास पंप सगळी शाई मोकळ्या छिद्रांतूनच ओढतो, कारण तिथे विरोध कमी असतो. बंद छिद्राला त्याची गंधवार्ताही लागत नाही.

रात्री टोपीच्या स्पंजावर डिस्टिल्ड पाण्याचे थोडेच थेंब घाला. स्पंज ओला दिसावा, पाणी वर तरंगू नये. मग यंत्राच्या बटणाने ते बंद करा, म्हणजे हेड टोपीवर बसेल आणि खालून ओलावा मिळत राहील. सकाळी क्लीनिंग एकदा आणि नोझल चेक एकदा, एवढेच करा. खंड कमी झाला तर हाच क्रम पुढच्या रात्री पुन्हा करा. काहीच फरक पडला नाही, तर बिनधाग्याच्या जाड टिश्यूची लांबट पट्टी घडी घालून डिस्टिल्ड पाण्याने ओली करा, ती हेडच्या वाटेवर आडवी ठेवा आणि हेड अलगद तिच्यावर आणून काही तास तसेच राहू द्या. घडी एवढी जाड नको की हेड वर उचलले जाईल. पट्टी काढल्याशिवाय प्लग लावू नका.

टोपी साफ करायला कापसाचे बोळे वापरले असतील, तर एकदा टॉर्चने कड पुन्हा तपासा. कापसाचा एक तंतू कडेवर राहिला तरी पूर्वीसारखीच फट पडते. तुम्ही कापड वापरले ते उत्तम केले.


वऱ्हाडकर :

टिश्यूच्या पट्टीपर्यंत जावे लागले नाही. टोपी ओली ठेवल्यावर पहिल्या सकाळी एक खंड गेला आणि नंतर दुसराही गेला. काळी जाळी आता पूर्ण येते, शिरोरेषा अखंड आहे आणि प्रवेशाची कागदपत्रे छापून झाली.

दोन गोष्टी शिल्लक आहेत. मुलीचे छायाचित्र फोटो पेपरवर छापले, तर नोझल चेक निर्दोष असूनही त्यात समान अंतरावर फिकट आडवे पट्टे दिसतात. शिवाय संगणकावर आता एक सूचना येऊ लागली आहे की, इंक पॅडचे आयुष्य संपत आले आहे. छपाई अजून चालू आहे. ही सूचना दुर्लक्षण्याजोगी आहे का?


पंचगंगाकाठ :

काळी सुधारली हे वाचून आनंद झाला.

नोझल चेक पूर्ण असताना समान अंतरावर पट्टे येत असतील, तर छिद्रांना दोष देऊ नका. सर्वप्रथम ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार साधा कागद असाच राहिला आहे का ते पाहा. फोटो पेपर घातला तरी यंत्राला ते आपोआप कळत नाही आणि ते साध्या कागदाच्या हिशोबाने कागद पुढे सरकवते व शाई सोडते. कागदाचा योग्य प्रकार आणि उच्च दर्जा निवडा, दोन्ही दिशांनी किंवा वेगाने छापण्याचा पर्याय बंद करा. त्यानंतरही पट्टे राहिले, तर हेड अलाइनमेंट चालवा. तेथे अनेक चौकोन छापले जातात, त्यांतला ज्यात रेघ सर्वांत कमी दिसते तो क्रमांक निवडायचा असतो. हे काम दिवसाच्या उजेडात करावे, ट्यूबलाइटखाली डोळा फसतो. कागद ओढणारे रोलर धुळीने गुळगुळीत झाले असतील तरीही कागद कमी-जास्त सरकतो, म्हणून ते ओलसर कापडाने पुसून घ्या.

पॅडची सूचना दुर्लक्षू नये, पण घाबरूनही जाऊ नये. यंत्र पॅड प्रत्यक्ष किती भिजला हे मोजत नाही. किती क्लीनिंग झाले, किती शाई तिकडे गेली असावी याचा हिशोब ते आपल्या स्मृतीत ठेवते. तो आकडा मर्यादेला पोहोचला की छपाई बंद पडते आणि मग कुठलेही बटण दाबून ती सुरू होत नाही. कॅननच्या अनेक यंत्रांत अशा वेळी ५बी०० हा संकेत दिसतो, इतरांत दोन दिवे आळीपाळीने लुकलुकतात. काही नव्या यंत्रांत मेंटेनन्स बॉक्स नावाचा सुटा डबा असतो, तो घरीच बदलता येतो. आपल्या यंत्राच्या पाठीमागे किंवा बाजूला स्क्रूने बसवलेले छोटे झाकण आहे का, ते पाहा. माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख असल्यास काम सोपे आहे. नसल्यास अधिकृत केंद्रात किंवा ओळखीच्या दुकानात पॅड बदलून आकडा शून्यावर आणून घ्यावा लागेल.

केवळ आकडा शून्यावर आणणारे प्रोग्राम इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यांतले बरेचसे चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेवढ्यावरून काय ते समजावे. आणि पॅड न बदलता आकडा पुसला, तर पॅडमध्ये मावेनाशी झालेली शाई एके दिवशी तळातून टेबलावर उतरते. फरशीवर पडलेली पिगमेंट शाई वेळीच पुसली तर निघते, कोटा दगडावर मात्र तिचा डाग कायमचा राहतो.

पॅड बदलेपर्यंत क्लीनिंग पूर्ण टाळा. आठवड्यातून एकदा चारही रंगांचे एखादे पान छापत राहिलात, तर त्याची गरजही पडणार नाही. नोझल चेकचे पान त्यासाठी पुरते आणि त्याला शाई नगण्य लागते. पुढच्या उन्हाळ्यात गावी जाताना आधी प्रिंटरचे बटण दाबा, हेड उजव्या टोकाला जाऊन दिवा विझेपर्यंत थांबा आणि नंतर बोर्डाचे बटण खुशाल बंद करा. यंत्रावर कापडाऐवजी प्लॅस्टिकचे आच्छादन घाला, म्हणजे मांजराचे केसही आत जाणार नाहीत.